भट्टीतले तीळ

१८०८ सालच्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी एका पत्रात तेलाच्या बाटलीची हकिकत लिहिली. आफ्रिकेतून जॉर्जियात आणलेल्या माणसांबरोबर एक बी आलं आहे, ती माणसं त्याला ‘बेनी’ म्हणतात. त्याच्या तेलाची बाटली आपल्याला मिळाली, ते तेल पाहुण्यांना सॅलडवर वाढलं आणि ऑलिव्हच्या तेलापुढे ते कुठे कमी पडतं असं कोणालाच वाटलं नाही, असा मजकुराचा आशय. एक बुशेल बियांचं तीन गॅलन तेल निघतं, हा हिशेबही त्यात आहे. पुढे मॉन्टिसेलोच्या आपल्या मळ्यात त्यांनी हे बी पेरून पाहिलं. हे बी म्हणजे आपले तीळ.

त्याच जानेवारीच्या एक तारखेपासून परदेशातून गुलाम आणायला अमेरिकेत कायद्याने बंदी झाली होती आणि त्या कायद्यावर सही जेफर्सन यांचीच होती. आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलामांचा मालक असलेला हा गृहस्थ तिळाच्या तेलाचं कौतुक करताना ते बी कोणी लावलं, तेल कोणी गाळलं याची नोंद मात्र एका ओळीत उरकतो. बेनीच्या बिस्किटाची गोष्ट सांगायची तर या एका ओळीतून सुरुवात करावी लागते. कारण आज साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात ही बिस्किटं विकताना जी गोष्ट सांगतात, ती फार गोड आहे आणि अर्धीच आहे.

माझी मावसबहीण चार्ल्सटनजवळ राहते. तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्याच फेरीत तिने मला तिथल्या जुन्या सिटी मार्केटमध्ये नेलं. लांबलचक छपराखाली दुकानं. एका बाजूला गला या गुलामांच्या वंशजांच्या समाजातल्या बायका गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या. त्या टोपल्यांच्या किमती ऐकून आपण दचकतो, पण विणकाम थोडा वेळ पाहिलं की गप्प बसतो. दुसऱ्या बाजूला पर्यटकांसाठी डबे आणि पाकिटं. त्यात रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी, पातळ, तपकिरी, तिळांनी भरलेली बिस्किटं. तिथे त्यांना ‘बेनी वेफर’ म्हणतात. पाकिटांवर बहुधा छापलेलं असतं की आफ्रिकी समजुतीनुसार तीळ खाल्ले की भाग्य उजळतं. चवीला द्यायचे तुकडे ताटलीत असतात. मी एक तोंडात टाकला. साखर आली, लोणी आलं, तीळ शोधावे लागले. ताईला म्हटलं, “अगं, तीळ भाजलेच नाहीत यांनी.” ती म्हणाली, “म्हणून तर घरी करायचे.”

तीळ मूळचे आपल्याकडचे. लागवडीचा तीळ, म्हणजे सेसॅमम इंडिकम, भारतीय उपखंडातल्या रानतिळापासून माणसाळवला गेला, हे आता वनस्पतिशास्त्रज्ञ बहुतांशी मानतात. डोरोथिया बेडिजियन या संशोधिकेने आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नात घालवला. हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ सापडले आहेत. अथर्ववेदात तीळ आहेत. पश्चिम भारतात रानतीळ आजही उगवतो. इथून तीळ मेसोपोटेमियात गेले, आफ्रिकेत गेले आणि पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगल-गॅम्बिया भागात असे रुजले की तिथल्या लोकांना ते आपलेच वाटू लागले. तिथून पुढचा प्रवास मात्र व्यापाऱ्याच्या गोणीतला नाही.

चार्ल्सटनची स्थापना १६७० सालची. दलदलीच्या त्या किनारपट्टीवर भात पिकवून गोऱ्या मळेवाल्यांनी अफाट पैसा केला आणि भात पिकवण्याची विद्या पश्चिम आफ्रिकेच्या माणसांकडून घेतली. विद्येसकट माणसं घेतली, असं म्हणणं जास्त खरं. उत्तर अमेरिकेत उतरवलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी साधारण चाळीस टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून आले असं धरतात. जहाजावर या माणसांना जगवण्यापुरतं आफ्रिकी धान्य भरलेलं असे आणि त्यातलं उरलेलं बी किनाऱ्यावर उतरे. ज्युडिथ कार्नी आणि रिचर्ड रोसोमॉफ यांच्या २००९ सालच्या पुस्तकाचा भर याच मुद्द्यावर आहे. मालकाच्या शेतातलं काम संपल्यावर झोपडीमागच्या तुकड्यात गुलामांनी जे स्वतःसाठी पेरलं त्यात भेंडी होती, चवळी होती, तीळ होते. त्या तुकड्यावर मालकाचं लक्ष कमी असे.

त्या माणसांचे वंशज म्हणजे गला-गीची समाज. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतची बेटं आणि किनारा ही त्यांची भूमी. अमेरिकन संसदेने २००६ साली या पट्ट्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांची भाषा वेगळी, भात रोजचा आणि तिळाचा वापर आपल्याला ओळखीचा वाटेल असा. तीळ भाजून कुटायचे आणि भाताला किंवा मक्याच्या कण्यांना लावायचे. साखरेच्या किंवा काकवीच्या पाकात घालून वड्या पाडायच्या. पानं पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं, ते हगवण लागलेल्या लेकरांना पाजायचं. हा शेवटचा उपाय एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन औषधशास्त्रानेही उचलला. चार्ल्सटनच्या रस्त्यावर डोक्याला रंगीत फडकं बांधलेल्या काळ्या बायका शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या वड्या विकत. आपल्या एस्टी स्टँडवरच्या चिक्कीची ही समुद्रापलीकडची चुलत बहीण, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही.

मळेवाल्यांच्या जेवणघरात तीळ शिरले ते स्वयंपाकघराच्या दारातून. १८४७ साली ‘द कॅरोलायना हाउसवाइफ’ हे पाकपुस्तक निघालं. लेखिकेचं नाव छापलं नव्हतं, फक्त ‘चार्ल्सटनची एक बाई’. ती सारा रटलेज, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एकाची मुलगी. त्यात शेंगदाण्याच्या सुपाबरोबर बेनीचं सूपही आहे. तेही आफ्रिकेचंच. तिच्या घरात चुलीपाशी कोण उभं असे, हे वेगळं सांगायला नको.

बिस्कीट ही यापुढची पायरी. लोणी, साखर, मैदा, अंडी आणि विटांची भट्टी हे सगळं मोठ्या घरातलं, युरोपातून आलेलं. तीळ आणि ते कसे भाजायचे याची जाण मागच्या झोपड्यांतली. ही दोन टोकं एकाच बाईच्या हातात येत होती आणि ती बाई मालकीण नव्हती. पहिलं बेनी वेफर कोणी केलं हे कागदावर सापडणार नाही, पण कोणाच्या हाताने झालं असेल याबद्दल मला तरी शंका नाही.

कागदावर ही पाककृती सगळ्यांपर्यंत पोचवली ती १९५० सालच्या ‘चार्ल्सटन रिसीट्स’ने. शहरातल्या प्रतिष्ठित गोऱ्या स्त्रियांच्या ज्युनियर लीगने काढलेलं हे पुस्तक, साडेसातशेच्या आसपास पाककृती, आजही छापलं जातं. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ला जो मान, तो तिथे याला. त्यात बेनीची गोड बिस्किटं आहेत आणि संध्याकाळी पेल्याबरोबर खायची तिखट-मिठाचीही आहेत. प्रत्येक पाककृतीखाली ती देणारीचं नाव आहे. मधूनमधून गला बोलीतली वचनं सजावटीला टाकली आहेत. बोली घेतली, बोलणारीचं नाव घेतलं नाही. पुस्तक चांगलं आहे, पाककृती नेमक्या आहेत, मी स्वतः त्याच आधाराने बिस्किटं करते. तरी ते चाळताना हे खटकतं आणि खटकायलाच हवं.

आता ताईच्या स्वयंपाकघरात. अमेरिकेतल्या मराठी घराची खूण म्हणजे ओव्हन उघडला की त्यातून कढया, तवे, पोळपाट बाहेर पडतात. ओव्हन हे तिथल्या आपल्या बायकांचं भांड्यांचं कपाट. ते सगळं काढून ओट्यावर मांडलं की मग भट्टी पेटते.

आधी तीळ. पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ या कामाला घेऊ नयेत. साल काढल्यावर दिसायला सुरेख दिसतात, पण तिळाचा जो किंचित कडसर, मातकट खमंगपणा आहे तो बराचसा सालीबरोबर जातो. लोणी-साखरेच्या गोडीला तोंड द्यायला तोच लागतो. गावरान, सालासकट, मळकट रंगाचे तीळ निवडून घ्यावेत आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत भाजावेत. आधी ओल जाते, मग तीळ फुगतात, मग तडतडतात. दोन बोटांत चिरडला की कुरकुरीत भुगा व्हावा आणि रंग गव्हाळ यावा. तेवढं झालं की लगेच ताटात ओतावेत. कढईतच ठेवले तर कढईची धग त्यांना पुढे नेते आणि कडू करते.

भट्टीत जाणारच आहेत, मग आधी कशाला भाजायचे, असं वाटणं साहजिक आहे. बाजारातल्या बिस्किटांत हीच काटकसर दिसते. पण गोळा भट्टीत असतो आठ-दहा मिनिटं आणि आतले तीळ ओल्या पिठात बुडालेले. पिठातलं पाणी उडेपर्यंत त्यांचं तापमान फारसं वर जातच नाही आणि पाणी उडतं तोवर बिस्कीट बाहेर काढायची वेळ येते. तिळात जवळपास निम्मं तेल असतं, प्रथिनंही भरपूर. कोरड्या आचेवर प्रथिनं आणि साखर यांची जी रासायनिक देवाणघेवाण होते तिच्यातून भाजल्या तिळाचा वास येतो. हे कढईतच व्हावं लागतं. भाजताना तिळातल्या सेसॅमोलिनपासून सेसॅमॉल तयार होतं. ते तेलाला खवट होऊ देत नाही. म्हणजे आधी भाजण्याने चव येते आणि टिकाऊपणाही.

आमचं प्रमाण ‘चार्ल्सटन रिसीट्स’च्या निम्म्याजवळचं आहे, फक्त तीळ दुप्पट. मूळ पाककृती तिळाबाबत हात आखडता घेते. ८५ ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, ७५ ग्रॅम मैदा, ७० ग्रॅम भाजलेले तीळ, अर्धा चमचा व्हॅनिला, चिमूटभर सोडा आणि मीठ. लोणी घरचं असेल तर मीठ जरा हात सोडून घाला. बाजारचं खारं बटर असेल तर मिठाला सुट्टी. ब्राउन शुगर आपल्याकडे महाग मिळते. ती म्हणजे शेवटी साखर आणि मळीचा अंश, तेव्हा साध्या साखरेत चमचाभर कोल्हापुरी काकवी चोळली की काम भागतं. गुळाची पावडर घालून पाहायचा मोह आपल्याला होणारच. करून पाहा, पण ते बिस्कीट वेगळं होतं, जरा जाड आणि चिवट राहतं. मला ते आवडतं, फक्त त्याला बेनी वेफर म्हणू नये.

लोणी आणि साखर फेसून घ्यायची, अंडं आणि व्हॅनिला घालून एकजीव करायचं, मग मैदा, सोडा, मीठ, शेवटी तीळ. मिश्रण सैलसर दिसतं आणि पहिल्यांदा करणारी हमखास त्यात आणखी मैदा ढकलते. ढकलू नये. मैदा कमी आहे म्हणूनच ते भट्टीत वितळून पसरतं आणि जाळी पडते, अगदी अनारशासारखी. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की हाताळायला सोपं जातं. ट्रेवर बेकिंगचा कागद घालून लहान चमच्याने सुपारीएवढे गोळे टाकायचे, दोन गोळ्यांत तीन बोटं अंतर सोडून. १६० अंश सेल्सिअसला आठ ते दहा मिनिटं. कडा तपकिरी आणि मध्यभाग अजून मऊ, तेव्हाच बाहेर काढायचं. मऊ आहे म्हणून परत आत सरकवलं तर साखर जळते. ट्रेवर मिनिट-दोन मिनिटं बसू दिलं की कडकपणा येऊ लागतो, त्या वेळी पातळ उलथन्याने उचलून जाळीवर ठेवायचं. आधी उचललं तर गोळा होतो, उशीर केला तर कागदाला चिकटून तुकडे होतात. पाचेक डझन होतात.

आपल्या छोट्या ओव्हनमध्ये एक अडचण असते. काट्यावर १६० दिसतं आणि आत भलतंच काही असतं, मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते. पहिला ट्रे चार बिस्किटांचा लावावा, वेळ बघून घ्यावा, मग उरलेलं मिश्रण वापरावं. अर्ध्या वेळेला ट्रे फिरवावा. अंडं चालत नसेल तर त्याऐवजी दोन-अडीच चमचे दूध घालतात. बिस्कीट होतं, पण जाळी तितकी पडत नाही आणि कुरकुरीतपणा लवकर जातो.

चार्ल्सटन आणि आपली कोकणपट्टी यांचं एका बाबतीत फार जमतं. हवेत पाणी. साखर जास्त असलेलं पातळ बिस्कीट ही ओल तासाभरात शोषतं. तिथे बेनी वेफर नाताळच्या थंडीत जास्त करतात आणि डब्यात भरून भेट देतात. डबा ही तिथे हौस नाही, गरज आहे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. मऊ पडलीच तर १५० अंशावर चार-पाच मिनिटं तापवून पुन्हा गार केली की पूर्ववत होतात.

एवढं करूनही ताईच्या मते जुनं बेनी वेफर आपल्याला खाता येत नाही, आणि ती बरोबर आहे. त्या किनाऱ्यावर पूर्वी पेरला जाणारा तीळ आजच्या व्यापारी तिळाहून वेगळा होता. तेल कमी, कडसरपणा जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकीचं तेल स्वस्तात मिळू लागलं आणि तेलासाठी बेनी लावण्यात राम राहिला नाही. बी परसातून नाहीसं होत गेलं. मग तीळ परत आले ते यंत्राचे. तिळाची बोंडं पिकली की फुटतात आणि दाणे सांडतात, म्हणून आपल्याकडे आजही झाडं जरा आधी कापून, पेंढ्या बांधून खळ्यात उभ्या करतात आणि वाळल्यावर उलट्या धरून झटकतात. सगळं हातकाम. १९४३ साली व्हेनेझुएलात डेरल्ड लँगहॅम यांना न फुटणाऱ्या बोंडाचं एक झाड सापडलं. त्यावरून पुढे यंत्राने कापता येतील असे वाण काढण्याचा मार्ग मोकळा झाला. टेक्सासमधला तीळ अशा प्रयत्नांतला आहे. त्यात चवीचा विचार शेवटी.

जुनं बी शोधून परत लावण्याचं काम अलीकडचं. १९९८ साली ग्लेन रॉबर्ट्स यांनी सुरू केलेल्या अँसन मिल्सने कॅरोलायना गोल्ड भातापाठोपाठ वारशाची बेनीही लावली आणि विकायला आणली. इतिहासकार डेव्हिड शील्ड्स यांनी त्यामागचा इतिहास २०१५ च्या ‘सदर्न प्रोव्हिजन्स’मध्ये मांडला. चार्ल्सटनमधल्या नव्या नामांकित हॉटेलांनी ती उचलली. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. झोपडीमागे उगवलेला दाणा आता महागड्या पाकिटातून मिळतो, हा प्रकार मला अर्धाच आनंद देतो. बी.जे. डेनिस यांच्यासारखे गला शेफ हाच पदार्थ आपल्या आज्यांचा म्हणून रांधतात, मायकल ट्विटी यांच्या ‘द कुकिंग जीन’ने २०१८ साली अमेरिकेतला पाकपुस्तकांचा सर्वोच्च मान मिळवला. हिशेब हळूहळू बदलतो आहे. २०२३ च्या जूनमध्ये चार्ल्सटनच्या गॅड्सडेन धक्क्यावर, जिथे जहाजं गुलाम उतरवत नेमक्या त्या जागी, आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं संग्रहालय उघडलं.

त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा अॅलर्जीचा नववा मुख्य घटक ठरला आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख सक्तीचा झाला. अॅलर्जी असलेल्यांची ही जुनी, रास्त मागणी होती. पण काही बेकऱ्यांनी यंत्रं तिळापासून कटाक्षाने स्वच्छ ठेवण्याऐवजी पावातच थोडं तिळाचं पीठ मिसळलं आणि वेष्टनावर तसं छापून मोकळ्या झाल्या. अॅलर्जीवाल्यांना खाता येणारे पाव आणखी कमी झाले.

ज्या आपल्या देशात तीळ पहिल्यांदा पेरले गेले तिथे ते भट्टीत का गेले नाहीत? उत्तर सरळ आहे. भट्टी घरात नव्हती. माझ्या लहानपणी मे महिन्यात रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यात घालून जवळच्या बेकरीत न्यायचो, भट्टीवाल्यासमोर रांग लावायची आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची. सुट्टीचा तो एक सण होता. पण तीळ उन्हाळ्याचे नव्हेत. ते थंडीचे, संक्रांतीचे, गुळपोळीचे, आणि दुसरीकडे तर्पणाचे. भट्टीचा आणि तिळाचा मोसम जुळलाच नाही. आता ओव्हन ओट्यावर आला आहे, मोसमाची अट उरलेली नाही, तरी केक आणि पिझ्झ्यापलीकडे तो फारसा तापत नाही.

पाऊस संपला की खरिपाचा तीळ निघतो. जून-जुलैत पेरलेलं पीक तीन महिन्यांत तयार होतं आणि दिवाळीच्या सुमारास नवा माल बाजारात असतो. खानदेशातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा आठवडी बाजारातून पॉलिश न केलेले किलोभर तीळ घ्या, चाळून खडे काढा, उन्हात एक दिवस द्या. गुळपोळीला लागणारे बाजूला ठेवा. उरलेल्यांतले ७० ग्रॅम कढईत टाका. आणि डबा कोणाला देणार असाल तर त्यांच्या घरात कोणाला तिळाची अॅलर्जी नाही ना, हे आधी विचारा.